हरळ्याचा दम

मी एक जुना पत्ता आहे. पोस्टाचा नव्हे, मित्रांनो, खेळातला. तळहाताएवढा, जाड पुठ्ठ्याचा, एक कोपरा गेलेला आणि पोटावर चिकटपट्टी लावलेला. माझ्यावर एका प्राण्याचं चित्र आहे. ठेंगणा, चार आखूड पायांचा, डोळे अर्धे मिटलेला, आणि पाठीवर गवताचं दाट छप्पर. तो मी. इंग्रजीत मला एक लांबलचक नाव आहे, पण ते आजवर कुणालाही नीट वाचता आलेलं नाही. निमगाव सावात मला 'हरळ्या' म्हणतात.

आपली गोष्ट सांगावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. तलवारीनं सांगावी, किल्ल्याच्या तोफेनं सांगावी. मी पडलो बिस्किटाच्या पुड्यातून निघालेला. पण एका उन्हाळ्यात मंचरला एक लढाई झाली आणि त्या लढाईत शेवटी मैदानात मी एकटा उभा होतो. तेव्हा काय झालं, हे निदान मला तरी ठाऊक आहे. सांगण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म छापखान्यात झाला. एका मोठ्या तावावर आम्ही पुष्कळ भावंडं शेजारी शेजारी छापली गेलो. तावाच्या मधोमध आगबिबट्या होता. त्याच्या अंगावर सोनेरी शाई होती आणि शेपटीला जाळ. मी अगदी कडेला, जिथे शाई थोडी फिकी पडते तिथे होतो. मग यंत्राचं पातं आलं, आम्ही सुटे झालो आणि बिस्किटांच्या पुड्यांत जाऊन पडलो. पुढचे दोन महिने मला दूध आणि साखरेच्या वासाखेरीज काही माहीत नव्हतं.

सन २००१ च्या पावसाळ्यात निमगावच्या दुकानात आरतीनं पुडा फोडला आणि मी तिच्या हातात आलो. ती तेव्हा पाचवीत होती. तिचा मोठा भाऊ स्वराज सातवीत होता. त्यानं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय राव आरते, गवत निघालं! रानात काय कमी हाय का?"

"असू दे. माझं हाय."

"हरळीगत दिसतंय. हरळ्या!"

हरळी म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या पोरांना सांगावं लागत नाही. कांद्याच्या वाफ्यात शिरली की कितीही खुरपा, आठ दिवसांनी पुन्हा हजर. तेव्हा हे नाव काही लाडाचं नव्हतं. तरी मला ते आवडलं. नाव नसण्यापेक्षा बरं.

दोघांचा एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर कर्कटकानं कोरलं होतं, 'स्वराज आरती'. त्या डब्यात दीड वर्षाचे पत्ते जमले. कुणी पेरूच्या बदल्यात दिलेले, कुणी गोट्यांच्या बदल्यात, काही पुड्यांतून निघालेले. मी सगळ्यांत तळाशी असे.

आता खेळ कसा ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येकानं तीन पत्ते घ्यायचे. पत्त्यावर एक आकडा असतो, तो त्याचा 'दम'. तितके चिंचोके त्याच्यापुढे मांडायचे. दोघांनी एकेक पत्ता मैदानात ठेवायचा. प्रत्येक पत्त्याला चार डाव असतात, एक ते चार. दोघांनी हात पाठीमागे न्यायचे आणि एकदम बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे पहिला डाव, दोन म्हणजे दुसरा. मूठ दाखवली की पत्ता बदलायचा. मार बसला की तितके चिंचोके उचलायचे. चिंचोके संपले की पत्ता मेला. तिन्ही मेले की हार. आगीचा मार गवताला दुप्पट लागतो, पाण्याचा निम्मा. बोटांची युक्ती पोरांची स्वतःची, कारण नियमांचा कागद इंग्रजीत होता आणि तो कुणी वाचला नव्हता.

माझा दम बारा. पहिला डाव कोंब मारणे, त्यानं समोरच्याचा कसाबसा एक चिंचोका उडे. तिसरा ढाल. ढाल धरली की त्या खेपेला काही लागत नाही, पण लागोपाठ दोनदा धरता येत नाही. चौथा मूळ धरणे, त्यानं तीन चिंचोके परत मिळतात. आणि दुसरा डाव?

इथेच घोटाळा होता. दुसऱ्या डावाचं नाव इंग्रजीत लिहिलं होतं आणि त्यातला पहिला शब्द होता एस, ए, पी. पोरांनी अक्षरं लावली आणि वाचलं 'साप'. मग ठरलं की हा सापाचा डाव आहे, समोर साप असला तरच चालतो. साऱ्या निमगावात सापाचे पत्ते होते दोन. एक फाटलेला आणि दुसरा ज्याच्याकडे होता त्याला गोवर झालेला. दीड वर्षात माझा दुसरा डाव एकदाही कुणी खेळला नाही. ज्याला मारता येत नाही आणि ज्याचा एक डाव कायमचा बंद, असल्याला कोण घेणार? मलाही वाटे, पोरांचं खरंच असावं. आपल्यात काही नसेलच.

२००२ च्या दिवाळीत दोघं मंचरला मामाकडे गेली. मामाच्या घराजवळ नेमीचंद शेठचं किराणा दुकान होतं. हमरस्त्याला लागून, पुढे फरसबंद ओटा, बाजूला कांद्याच्या पोत्यांची थप्पी. शेठचा नातू संयम स्वराजच्याच वयाचा होता. दुकानात बिस्किटांचे खोकेच्या खोके येत, तेव्हा त्याच्याकडे पत्त्यांना तोटा नव्हता. पण तो खेळायचाही चांगला, हे कबूल केलं पाहिजे. त्याच्या खिशात सोनेरी आगबिबट्या होता, माझा तावावरचा भाऊ.

भाऊबिजेच्या दिवशी आरती आईबरोबर बाजारात गेली होती. ती परतली तेव्हा स्वराज ओट्याच्या पायरीवर खाली मान घालून बसला होता.

"डबा कुठंय?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं फरशी घासली.

"दादा, डबा कुठंय?"

"हरलो."

"किती पत्तं हरला?"

"डबाच लावला व्हता."

"मला न इचारता?"

स्वराजनं खिशातून मला काढलं आणि पुढे केलं. संयमनं डबा उघडल्यावर मला चिमटीत धरून बाहेर टाकलं होतं. "हे गवत राहू दे तुलाच, गुरांना घाल," असं म्हणाला होता.

आरती रडली नाही. तिनं मला घेतलं आणि फ्रॉकच्या खिशात ठेवलं. मामाच्या घरी ती दिवसभर भावाशी बोलली नाही, निमगावला येईपर्यंत गाडीतही बोलली नाही. अर्धा डबा तिचा होता, मित्रांनो. पत्ते गेले त्यापेक्षा न विचारता गेले, हे तिला लागलं होतं. आणि ज्याच्याबरोबर ते जमवले, त्यानंच घालवले होते. त्या थंडीत त्या घरात दोन भावंडं एका ताटलीत शेंगा खात आणि एकमेकांकडे पाहत नसत.

पण तिनं मला टाकलं नाही. अभ्यासाच्या पुस्तकात खुणेला ठेवलं. एका रविवारी ती गावच्या वाचनालयात पुस्तक बदलायला गेली आणि मी टेबलावर पडलो. वाचनालय सांभाळायचे गेणभाऊ. फार संकोची माणूस. कुणी काही विचारलं तर आधी दोनदा चष्मा पुसायचे. त्यांनी मला उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

"चित्र चांगलं हाय गं. काय लिवलंय ह्याच्यावर?"

"सापाचा डाव हाय तो. काय उपेगाचा न्हाई."

"साप?" गेणभाऊंनी चष्मा पुसला. "मला इंग्रजी लई येत न्हाई, पोरी. चुकलं तर हसू नको. पण सापाला ते लोक स्नेक म्हणत्यात ना?"

आरतीनं कपाळावर हात मारला. स्नेक तर तिलाही ठाऊक होतं. तिच्या पुस्तकात वेटोळ्याच्या चित्राखाली मोठ्या अक्षरात छापलं होतं. तरी दीड वर्ष साऱ्या गावानं साप वाचला होता.

गेणभाऊंनी खाकी कव्हर घातलेला शब्दकोश काढला. बोटानं ओळी खाली नेत नेत ते थांबले. "हां. सॅप. झाडाच्या अंगातला रस, चीक. आणखी एक अर्थ दिलाय बघ. हळूहळू शोषून घेणं, बळ कमी करणं. पुढचा शब्द सीड, बी. म्हंजी रस शोषणारं बी. आता हे काय असंल, मला काय सांगता येणार न्हाई."

"बांडगूळ!" आरती ओरडली, इतक्या मोठ्यानं की बाहेर बसलेलं कुत्रं उठलं.

"काय?"

"बांडगूळ वो गेणभाऊ! आमच्या बांधावरच्या आंब्याला हाय ना. पाखरानं बी टाकलं आन् ते फांदीवर रुजलं. आंब्याचा रस पितंय आन् आपण हिरवंगार ऱ्हातंय. आंबा वाळत चाललाय!"

त्या दुपारी दोघांनी माझ्या पाठीवरचं सगळं बारीक अक्षर वाचून काढलं. एकेक शब्द शोधत, चुकत, मागे जात. बी एकदा समोरच्यावर टाकलं की दर खेपेला त्याचा एक चिंचोका निघतो आणि आपल्याकडे येतो. त्यानं पत्ता बदलला तर बी गळून पडतं. प्रत्येक खेपेला आधी ढाल आणि मूळ यांचा हिशोब, मग मार, शेवटी बी. गेणभाऊ म्हणाले, "ह्याला मारायचं कामच न्हाई बघ. ह्यानं फकस्त दम धरायचा."

मित्रांनो, माझं मलाच हे त्या दिवशी कळलं. मी पुठ्ठ्याचा आहे, पण माझ्या अंगातून काहीतरी सरसरून गेलं.

पौष, माघ, फाल्गुन. आरती रोज परड्यात बसून माझ्यासाठी डाव मांडी. बी, ढाल, मूळ. ढाल, मूळ. पण आगीपुढे मी टिकेना. बिबट्याचा मार चार, मला लागला की आठ. तिनं पुष्कळ डोकं खाजवलं. शेवटी स्वराजच हळूच येऊन बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"आगीम्होरं हरळ्या ठिवायचाच न्हाई," तो म्हणाला. "बिबट्या आला की दुसरा पुढं करायचा."

"तो कवा येणार ते कसं कळंल? बोटं एकदम दाखवायची असत्यात."

"कळंल. संयम बिबट्याला आधी शर्टाला पुसतो. दरवेळी. चमकवल्याबिगर काढीतच न्हाई."

आरतीनं त्याच्याकडे पाहिलं. "हे तुला तवा दिसलं व्हतं?"

"हरताना सगळं दिसतं."

ती हसली. चार महिन्यांनी. मग दोघांनी मिळून माझ्या जोडीला दोन पत्ते मिळवले. दगड्या नावाचं दगडी कासव, ज्याला आग निम्मी लागते, आणि एक पाण्याची बेडकी. बेडकी नाजूक होती, पण आगीला तिचा धाक होता.

मे महिन्यात दोघं मंचरला गेली. आरती सरळ ओट्यावर जाऊन उभी राहिली.

"संयम, डब्यासाठी खेळायचंय."

संयम पोत्यावर बसून कुल्फी खात होता. त्याची धाकटी बहीण रिद्धी शेजारी होती. "कोण, तू? तुझ्या दादाला पाठव की."

"दादाला बघायला आणलंय."

"लावणार काय?"

तिच्याकडे लावण्यासारखं काही नव्हतं. संयमनं काडी चाटत विचार केला. "हरलीस तर डब्याचं नाव काढायचं नाही. परत कधीच नाही. आणि झाकणावरचं नाव मी घासून टाकणार."

"चालंल."

रिद्धीनं ओट्यावर रिकामं पोतं अंथरलं आणि चिंचोक्यांची वाटी आणून मधे बसली. पंच तीच. बाजारची पोरं जमली. आरतीनं पहिला पत्ता मांडला. मी.

पोरांत खसखस पिकली.

"हे तर मी टाकलेलं गवत!" संयम म्हणाला. "नाव काय ठेवलंय?"

"हरळ्या."

"हरळ्या का हरल्या?"

"खेळून बघ."

त्यानं पाणघोडा काढला. दम चौदा. पहिल्याच खेपेला आरतीनं दोन बोटं दाखवली.

"अगं, तो सापाचा डाव आहे. माझा घोडा आहे, साप नाही."

"वाच," आरती म्हणाली आणि मला रिद्धीपुढे धरलं. "एस, ए, पी. सॅप. चीक. शब्दकोशात हाय."

रिद्धी कॉन्व्हेंटात जात होती. तिनं वाचलं, भावाकडे पाहिलं आणि पाणघोड्यापुढचा एक चिंचोका उचलून माझ्यापुढे ठेवला. "बरोबर आहे तिचं."

मग माझं काम सुरू झालं. घोड्याचा मार मला निम्मा, दोनच चिंचोके. ढाल धरली, काहीच लागलं नाही. मूळ धरलं, गेलेले परत आले. आणि दर खेपेला घोड्याचा एक चिंचोका रिद्धीच्या बोटांतून माझ्याकडे येत होता.

"हे काय सारखं मूळ, मूळ," संयम वैतागला. "आमच्यात कंदमुळं चालत नाहीत."

"खाऊ नको मग. नुसतं बघ."

पोरं हसली, या वेळी दुसऱ्या बाजूनं. घोड्यापुढे नऊ उरले तेव्हा संयमनं खिशात हात घातला, आगबिबट्या काढला आणि शर्टाला पुसला. हात मागे गेले. दोघांनी एकदम मूठ दाखवली. त्याचा बिबट्या आला आणि त्याच्यासमोर मी नव्हतोच, दगड्या बसला होता.

संयमची जीभ बाहेरच राहिली. दगड्यानं बिबट्याला तीन तडाखे दिले. बाराचे तीन राहिले, तेव्हा त्यानं बिबट्या मागे घेऊन रानरेडा आणला. रेड्याच्या धडकेला दगड काय टिकणार? दगड्या फुटला, पण जाता जाता त्यानं रेड्याचा दम चौदावरून आठावर आणला होता.

पुन्हा मी. पुन्हा बी, ढाल, मूळ. रेड्याला गवत जड गेलं. संयमनं एकदा घोडा आणून परत रेडा आणला, बी गळलं. मी पुन्हा टाकलं. बिबट्याला बाहेर काढायची त्याला सोय नव्हती, कारण आरतीच्या हातात बेडकी होती आणि बिबट्यापुढे तीनच चिंचोके. आठ, सात, सहा… रेडा उभ्या उभ्या वाळला. बांधावरच्या आंब्यासारखा.

"नाव संयम, आन् दम धरवंना!" स्वराज मागून ओरडला. दिवाळीपासून पोटात ठेवलेलं ते वाक्य असावं.

उरला पाणघोडा आणि हातात बिबट्या. घोड्याचे नऊ होते, त्याचे चार झाले. माझ्यापुढे पुरे बारा. ऊन तापलं होतं. पोरं कंटाळली. कुणी जांभई दिली, कुणी म्हणालं, "काय चाललंय राव, गवत उगवताना बघायला आलोय का आमी?" आणि मित्रांनो, इतका वेळ खडकासारखी बसलेली आरती त्या जांभईला बळी पडली. तिला वाटलं, आता संपवून टाकावं. तिनं मला उचललं आणि बेडकी ठेवली.

"आरते, नको!" स्वराज म्हणाला. पण पत्ता खाली टेकला होता.

बेडकीनं घोडा मारला हे खरं. पण त्याच खेपेला घोड्याच्या लाथेखाली तीही गेली. दोन्ही पत्ते एकदम उलटे झाले.

आता आरतीकडे मी एकटा. संयमकडे बिबट्या एकटा. माझ्यापुढे बारा चिंचोके, त्याच्यापुढे तीन. पण त्याचा एक मार मला आठ. दोन मार आणि मी राख. संयम सावरून बसला. त्यानं बिबट्याला शर्टाला पुसलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"झालं तुझं गवत," तो म्हणाला.

आरतीचा चेहरा उतरला. तिनं मला पुढे ठेवलं तेव्हा तिची बोटं ओली होती. मला वाटलं, हिनं मला थंडीभर जपलं, आणि ऐन वेळी मी असा निघणार. मी कडेला छापलेला, फिका. तो मधोमधचा सोनेरी. कदाचित हे आधीच ठरलेलं असेल.

स्वराज तिच्या कानाशी वाकला. "घाईनं खेळू नको. डबा गेला तरी चालंल. दम धर."

हात मागे गेले. आरतीनं दोन बोटं दाखवली. बी टाकलं. बिबट्याचा जाळ माझ्यावर आला. रिद्धीनं आठ चिंचोके उचलले. उरले चार. मग बिबट्याचा एक माझ्याकडे. माझे पाच, त्याचे दोन.

दुसरी खेप. आरतीची तीन बोटं. ढाल. जाळ वरून निघून गेला. बीनं आणखी एक आणला. माझे सहा, त्याचा एक.

आता ढाल धरता येणार नव्हती. बिबट्याचा मार आठ आणि माझा दम सहा. पोरं गोळा होऊन वाकली. कुणी जांभई देत नव्हतं. दुकानातून नेमीचंद शेठ तराजू सोडून दारात आले होते. हमरस्त्यावर एक ट्रक भोंगा वाजवत गेला, कुणी वळून पाहिलं नाही.

संयम एक बोट दाखवणार हे लपलेलं नव्हतं. आरतीनं डोळे मिटले. ओठ हलत होते. मग तिनं चार बोटं पुढे केली.

मूळ.

"हे काय? मेलीस तू!" संयम उठलाच.

"थांब," रिद्धी म्हणाली. "मोजू दे." तिनं मला पालथं करून बारीक अक्षर पुन्हा वाचलं. "आधी मूळ. सहा आणि तीन नऊ." तिनं तीन चिंचोके ठेवले. "मग मार. नवातून आठ गेले." तिनं आठ उचलले. माझ्यापुढे पोत्यावर एक चिंचोका उरला. एकच, जरासा किडका. "शेवटी बी." तिनं बिबट्यापुढचा शेवटचा चिंचोका उचलला आणि माझ्यापुढे आणून ठेवला.

सोनेरी पत्त्यासमोर पोतं रिकामं होतं.

 मग असा गलका उठला की थप्पीवरचे पारवे उडाले. स्वराजनं आरतीला उचलून गिरकी घेतली. "हरळ्या हाय, हरल्या न्हाई! ऐकलं का मंचरकर?" बाजारची पोरं पोतं बडवत होती. मला कुणीतरी हातात घेतलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. या सगळ्यात माझा कोपरा फाटला. मित्रांनो, मला ते कळलंसुद्धा नाही. पुठ्ठ्याच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो.

संयमनं पोत्यावरचे चिंचोके पुन्हा एकदा मोजले. मग आत गेला आणि डबा घेऊन आला. झाकण जसं होतं तसंच होतं. त्यानं डबा आरतीच्या हातात दिला.

"असले तीन होते माझ्याकडे," तो म्हणाला. "साप समजून रद्दीत टाकले."

"आमी बी सापच समजत व्हतो."

दोघंही हसली. शेठनी सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि मला हातात घेऊन विचारलं, "हाच का तो? ह्याच्यापायी माझा नातू हरला?" एवढ्या मोठ्या व्यापाऱ्यानं मला दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षं माझं राज्य होतं. निमगावात आणि मंचरात गवताच्या पत्त्यांना भाव आला. पोरं मला बघायला परड्यात यायची. माझा डाव शिकून घ्यायची. 'हरळ्या लावणे' असा शब्दच झाला. समोरच्याला दमवून जिंकणं म्हणजे हरळ्या लावणं. क्रिकेटातसुद्धा कुणी टुकुटुकु खेळू लागला की म्हणत, हा बघा हरळ्या लावतोय.

मग पुड्यांत पत्ते येणं बंद झालं. स्वराजला दहावी आली. डबा माळ्यावर गेला. एका पावसाळ्यात कौल सरकलं, पाणी झिरपलं आणि माझ्या पोटाला चीर पडली. तीनचार वर्षं मी अंधारात होतो. तिथे मला पुन्हा जुने विचार येऊ लागले, की जिंकलं ते खरंच मी, की नुसता योग जुळून आला? माळ्यावर दुसरं काय करणार?

२००९ च्या जूनमध्ये झाकण उघडलं. आरती बारावी होऊन पुण्याला शेतकी महाविद्यालयात निघाली होती. सामान शोधताना डबा सापडला. स्वराज आता मिशी असलेला, ट्रॅक्टर चालवणारा गडी झाला होता. दोघं फरशीवर बसली आणि पत्ते मांडू लागली. मी निघालो तेव्हा आरतीनं माझी चीर बोटानं चाचपली. स्वराजनं स्वतः चिकटपट्टी आणून माझं पोट सांधलं. मग मला हातात धरूनच तो अडखळत म्हणाला,

"आरते, एक इचारू? ह्यो मी ठिवून घेऊ का? ट्रॅक्टरात लावीन म्हणतो, काचंच्या आत."

एवढा मोठा गडी, पण विचारताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आरतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घे," ती म्हणाली. "इचारलंस म्हणून देते."

तेव्हापासून मी ट्रॅक्टरच्या काचेमागे आहे. समोर कांद्याची वावरं आहेत, बांध आहेत, आणि बांधाबांधानं हरळी पसरलेली आहे. स्वराज तिला शिव्या घालतो आणि माझ्याकडे पाहून हसतो.

मित्रांनो, मी कुणाला उपदेश करावा असा नाही. तरी एक विनंती आहे. तुमच्या डब्याच्या तळाशी कुणी फिका, कुणाला नको असलेला पडला असेल, तर त्याला टाकून देण्याआधी पालथा करा आणि पाठीवरचं बारीक अक्षर वाचा. कळलं नाही तर विचारा. विचारायला लाजू नका, सांगणाराही कदाचित तुमच्याइतकाच लाजत असेल. आणि आम्हा जुन्या पत्त्यांना हात कोरडे करून उचला. चिकटपट्टीवर दिवस काढतोय, पण तीन डाव अजून शाबूत आहेत, आणि चिरेत गेलेला पहिला, कोंबाचा, तसाही कधी लागत नव्हता.